अंगठा

बाबांचा अंगठा सपाट होता.
चाळीस वर्षं घड्याळांच्या पाठी घासून
त्याच्या रेषा पार गेल्या होत्या.
पासपोर्टच्या यंत्राने दोनदा परत पाठवलं,
तर घरी येऊन हसले,
बक्षीस मिळाल्यासारखे.

नोआरमोनच्या कारखान्यात, खिडकीकडच्या बाकावर,
आधी काचकागद, मग लाकडाची कांडी,
मग हिऱ्याची पेस्ट, लोण्यासारखी,
आणि शेवटी नुसता अंगठा.
झाकणात बाहेरच्या फरची सुई न् सुई दिसली
की काम झालं.
"ओरखडा म्हणजे खोटं बोलणं," म्हणायचे अल्सीद फ्रॉइदव्हो,
आणि आम्हा बहिणींनी घासलेली ताटंसुद्धा
उजेडात तिरकी धरून बघायचे.

मी बिघडवण्याचा पगार घेते.
बिएनच्या प्रयोगशाळेत, काचेच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून
टायटॅनियमच्या चकत्यांवर कुरुंदाची वाळू मारते,
मग त्या गरम आम्लात सोडते.
निघतात तेव्हा राखेच्या रंगाच्या असतात.
एक चकती घरी नेली. बाबांनी अंगठा फिरवला.
"हे कोणी पास केलं?"

मी.

कसं सांगू, तिथे येणाऱ्याला डोळेच नाहीत.
हाडाची पेशी येते ती चाचपडत,
केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून बारीक बोटं पुढे करून.
गुळगुळीत चकतीवर ती पसरते,
ऐसपैस पसरते, पोरंबाळं वाढवते,
हाडाचं मात्र नाव काढत नाही.
रेगुलाने चकती विसळली
की निम्म्या पाण्याबरोबर निघून जातात.
खरखरीत चकतीवर गर्दी कमी,
पण एकेक जण खळग्याच्या काठाला धरून,
अंग ताणून, तंबूसारखी.
तिसऱ्या आठवड्यात लाल रंग सोडला
की दिसतं, चुना बसायला लागलाय.

(फारच खरवडलं तर जंतूही तिथेच बिऱ्हाड करतात.
सगळं भांडण एक-दोन मायक्रॉनचं आहे.
हे मी बाबांना सांगितलं नाही.)

आई पीठगिरणीवाल्यांच्या घरची. भांडी पुसता पुसता म्हणाली,
"दगड गुळगुळीत झाला की आजोबा टाकी लावायचे,
नाहीतर दाणे नुसते गरगरत बसतात."
"मी दळणं दळत नव्हतो," बाबा म्हणाले.

त्यांच्या डाव्या खुब्यात तेव्हा अकरा वर्षांचा दांडा होता,
सिमेंटविना ठोकलेला, जुन्या धाटणीचा, आरशासारखा.
खुर्चीतून उठलं की पहिली तीन पावलं दुखायची.
फोटोत त्याच्याभोवती काळी रेघ, नखाच्या कडेएवढी.
देलेमोंच्या सर्जन मॅडम शाप्पुई नंतर म्हणाल्या,
"हातोडी लागलीच नाही. म्यानातून सुरी यावी तसा आला."
अकरा वर्षं हाडाने त्याच्याशी ओळख केली नव्हती.
मध्ये एक मऊ पडदा धरून बसलं होतं,
नकोशा सोयऱ्यासमोर दार किलकिलं ठेवावं तसं.

नवा दांडा राखेच्या रंगाचा.
खोक्यावरचा नंबर मी पाहिला,
आणि पाहायला नको होता असं वाटलं.
त्या मंगळवारी पेटीवर मीच होते,
नाक गळत होतं, घरी जायची घाई होती.

सहा आठवडे त्या पायावर भार नाही.
रात्री दोनला जाग आली की मी मनात
त्या अंधारात वाळूचा एकेक खड्डा मोजायची.
कोणी आलं का. आलेलं टिकलं का.

चौथ्या महिन्यात रेघ नव्हती.
बाबा फरच्या कुंपणापर्यंत गेले, काठी हातातच, न टेकता.

जुना दांडा त्यांनी मागून घेतला.
हरणाच्या कातड्यात गुंडाळून खणात ठेवलाय, भिंगाशेजारी.
कधी काढतात, खिडकीशी नेतात,
त्यात झाड बघतात.
"काम चोख आहे," म्हणतात. "ज्याने केलं त्याचं."

बाक सुटून आता बरीच वर्षं झाली.
अंगठ्यावर बारीक रेषा परत यायला लागल्यात.
परवा फोन पहिल्याच स्पर्शाला उघडला.
मला सांगितलं त्यांनी,
हसले मात्र नाहीत.